पायरीवर घासलेली चड्डी

डांबरी रस्ता जिथं संपतो आणि डोंगराची कच्ची वाट जिथं सुरू होते, बरोबर त्या कोपऱ्यावर मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान कसलं, तीन भिंती आणि एक शटर. आत पायाची मशीन, कापायचं टेबल, एक स्टूल आणि दोऱ्यांच्या रिळांची फळी. बाहेर खडबडीत दगडाची एक पायरी. त्या पायरीपायी सगळे त्यांना पायरी मास्तर म्हणत. कुठलंही कापड टिकेल की नाही, हे मास्तर तिथं ठरवत. कापड मुठीत धरायचं, दगडावर पन्नास वेळा घासायचं आणि उजेडासमोर धरायचं. आरपार उजेड दिसला की कापड बाद. कापडाबरोबर ते आणणारा माणूसही बाद.

रविवारी सकाळी त्या कोपऱ्यावर डोंगरात सायकली चालवणाऱ्यांची जत्रा भरे. आठवडाभर खुर्चीत बसून पाठ मोडलेली ही माणसं सुट्टीच्या दिवशी सायकलवर बसून उरलेलीही मोडून घ्यायला येत. वर जाताना ऐटीत जात आणि उतरताना कुठंतरी फाटून येत. फाटलेलं घेऊन मास्तरांकडे येण्यावाचून त्यांना गत्यंतर नसे, कारण दुसरा शिंपी पार बाजारात होता. मास्तरांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांची जीभ कात्रीपेक्षा जास्त चाले.

"मास्तर, ही नवी शॉर्ट जरा मांडीवर उसवलीय," दातांचे डॉक्टर एकदा म्हणाले. हे डॉक्टर दर रविवारी येत. पोट पुढं, सायकल महाग, आणि चड्डी पोपटी.

"उसवली नाही, तिनं जीव सोडलाय."

"अहो, चांगल्या कंपनीची आहे."

"मग कंपनीकडे न्या. माझ्याकडे कशाला आणलं प्रेत?"

"रंग तरी छान आहे की नाही?"

"पोपटाला शोभला असता. पण पोपट उडतो, घसरत नाही."

डॉक्टर हसले. सगळेच हसत. अपमान करून घ्यायला लोक पैसे देतात, ही मास्तरांच्या धंद्यातली एकमेव चैन होती. मग ते पायरीवर उभं राहून चारचौघांत व्याख्यान देत. तुम्ही आरशासमोर उभे राहून चड्डी घेता. पोट आत ओढता, वळून मागून कशी दिसते ते बघता. चड्डी घ्यायला गेलात की स्वतःचं लग्न ठरवायला? सायकलवर उभ्यानं बसणार आहात का? पाय इतके ढगळ, की सीटच्या टोकात अडकून तोंडावर आपटाल. खिसे इतके, की वर जाऊन संसार थाटाल. आणि कापड? कापड म्हणजे कांद्याचं साल.

यातलं निम्मं बरोबर होतं, हीच खरी पंचाईत. निम्मं बरोबर असलेल्या माणसाला उरलेलं निम्मं चूक असल्याचं कुणी सांगू शकत नाही. एखादा भीतभीत म्हणे, "पण मास्तर, जरा मऊ, आरामशीर नको का?" की मास्तरांच्या नाकपुड्या फुगत. "आराम पाहिजे तर घरी गादीवर लोळा. डोंगरावर कशाला येता?"

त्यांची स्वतःची चड्डी वेगळी होती. तंबूच्या कापडासारखं जाड कापड, चार पट्ट्या, सगळ्या शिवणी घडी घालून दुहेरी टीप मारलेल्या, आणि त्या सगळ्या बरोबर बैठकीच्या मध्ये येऊन एकमेकींना मिळालेल्या. तिथं मास्तर आणखी एक टीप मारत. गाठीसारखी कडक शिवण व्हायची. "ही नातवालाही पुरेल," असं सांगून ते चड्डी विकत. एकदा ती नेलेलं गिऱ्हाईक दुसरी न्यायला कधीच येत नसे. पहिलीच फाटत नाही, तर येईल कशाला, असा मास्तरांचा हिशोब होता. दुसरं काही कारण असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारला नव्हता. मापसुद्धा नजरेनं घेत. विचारायचं अडाण्यानं, अशी त्यांची समजूत.

दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत मास्तरांचा संसार होता. बायको इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती, चादरींचे ढीग उपसून तिचे हात लाल आणि बोलणं आखूड झालं होतं. एकुलती एक लेक पार्सलच्या गोदामात पाळीनं खोकी उचलायची. आणि ही लेक डोंगरात सायकल चालवायची, मास्तर ज्यांची टिंगल करत त्या सगळ्यांपेक्षा चांगली. वर चढताना ती कधी उतरत नसे. डॉक्टर तर म्हणत, "मास्तर, तुमची मुलगी बकरीसारखी चढते." मास्तर "हं" म्हणत आणि मान खाली घालून टीप मारत, पण त्या दिवशी मशीन जरा जोरात चाले.

त्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. चारच मुली घेणार होते, आणि घेतलेल्यांना शिकवण्याचं कायमचं काम मिळणार होतं. वयाची अट पंचविसाच्या आत. लेकीची पंचवीस भरत आली होती. म्हणजे यंदा जमलं तर जमलं, नाहीतर जन्मभर खोकी. चाचण्या दोन होत्या, महिन्याच्या अंतरानं, आणि दोन्हींतली चांगली धरणार होते. सगळ्या घराला हे ठाऊक होतं. मास्तरांनी आपल्या परीनं तयारी केली. लेकीला नवी चड्डी शिवली, नेहमीपेक्षा एक टीप जास्त मारून. पायरीवर पन्नासऐवजी शंभर वेळा घासली. कापडाला साधा ओरखडा नाही.

पहिल्या चाचणीत पाच फेऱ्या होत्या. तीन फेऱ्या लेक दुसरी होती. चौथ्या फेरीत ती सीटवर टेकेनाशी झाली, उभ्यानंच पायडल मारत राहिली, आणि मग चढाच्या मध्यावर उतरली. सायकल हातात धरून, हळूहळू पाय टाकत खाली आली.

मास्तर कुंपणाशी उभे होते. काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असताना लेक कामावर जायला निघाली, तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "चड्डी शाबूत, सायकल शाबूत, फक्त दम फाटला. दमाला ठिगळ मला मारता येत नाही बुवा."

गिऱ्हाइकं हसली. लेकीनं डबा पिशवीत टाकला आणि गेली.

त्या संध्याकाळी बायको आतून आली आणि तिनं टेबलावर चड्डी टाकली. तीच, मास्तरांनी शिवलेली. आतली बाजू बाहेर काढलेली.

"बघा."

मास्तरांनी चष्मा वर केला. "काय बघू? एक टाका हललेला नाही."

"टाक्याचं कौतुक सांगू नका. नीट बघा."

बैठकीच्या त्या कडक शिवणीच्या दोन्ही अंगांनी तपकिरी डागांची ओळ होती. फिकट झालेली, पण न गेलेली. डाग काढणं हा जिचा रोजचा धंदा, तिलाही ती काढता आली नव्हती.

"हे आजचं नाही. दोन वर्षं मी धुतेय," बायको म्हणाली. "दर रविवारी पोरगी येते ती पालथी झोपते. मी मलम लावते. तिनं शपथ घातली होती, म्हणून गप्प होते. आज चार लोकांत तुम्ही तिला नाही नाही ते बोललात, आता कसली शपथ नि काय."

मास्तरांनी चष्मा परत खाली ओढला. मग माणूस अशा वेळी जे करतो तेच त्यांनी केलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "नाजूक झालीय. सवय नको का व्हायला? चामडं घट्ट व्हायला पाहिजे."

"ज्याचं जळतं त्याला कळतं," बायको म्हणाली. "तुमचं चामडं आहे ना घट्ट? मग बसा की एकदा."

मास्तरांना तरुणपणी सायकल येत होती. ते रविवारी सकाळी खरंच उठले. लेक पहाटेच्या पाळीला गेलेली, सायकल भिंतीला टेकलेली. आपल्या हातची चड्डी त्यांनी चढवली, खाली नेहमीची जाड अंडरवेअर, कारण सभ्य माणूस असाच कपडे घालतो. आणि एकसष्टाव्या वर्षी, कच्च्या वाटेनं, साऱ्या जगाची पोरकट हौस उघडी पाडायला ते निघाले.

पहिलं वळण मजेत गेलं. दुसऱ्या वळणावर त्यांना त्या शिवणीची ओळख झाली. तिसऱ्यावर त्यांना तिची प्रत्येक टीप मोजता येऊ लागली, खालून. खड्डा आला की गाठ आत घुसे, चढ आला की घासे. पन्नास वेळा नाही, हजार वेळा. मास्तर सीटवर डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, पुढं आले, मागं गेले. कुठंही जा, मास्तरांचं काम इतकं पक्कं होतं की ते तिथं आधीच हजर असे. मागून डॉक्टर आले. पोट घेऊन, पोपटी चड्डी घालून, शीळ घालत.

"अरे वा, मास्तर! आज तुम्हीही?" त्यांनी वेग कमी केला आणि मास्तरांच्या बसण्याकडे पाहिलं. दात पाहून दुखणं ओळखणारा माणूस, त्याला दुसऱ्या टोकाचंही ओळखू आलं. "आत काही घातलंय का? घालायचं नसतं हो. त्याचाच काठ कापतो. आणि मधली शिवण, तीही नको. मी सांगणार होतो, पण तुमच्यापुढं बोलायची कुणाची छाती?"

डॉक्टर पुढं गेले. त्यांची पोपटी चड्डी चढावर वर सरकत सरकत दिसेनाशी झाली. मास्तर उतरले. लेक जिथं उतरली होती, त्याच्या अर्ध्यावरही ते पोचले नव्हते. सायकल हातात धरून, पाय फाकवून ते खाली आले, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकानं ते पाहिलं.

पुढचे तीन दिवस मास्तर उभ्यानं काम करत होते. स्टूल त्यांनी भिंतीकडे सारलं होतं. गिऱ्हाईक विचारी, "मास्तर, आज उभे?" मास्तर म्हणत, "तुमच्यासारख्यांचं स्वागत करायला." पण शेरा मारताना एरवीची मजा त्यात नव्हती. एकेका गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहताना त्यांना वाटे, याला ठाऊक असेल. यालाही मी एक चड्डी विकली होती. हा परत आला नाही.

चौथ्या दिवशी ते शेजारच्या सायकलवाल्याकडे गेले. वीस वर्षांत त्याच्या दुकानाची पायरी त्यांनी चढली नव्हती. सायकलवाल्यानं ही संधी सोडली असती, तर तो सायकलवाला कसला? त्यानं मास्तरांना आधी बसायला खुर्ची दिली. मास्तर उभेच राहिले. मग त्यानं चढ्या आवाजात, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "उभ्यानं घेऊ नका हं मास्तर, तुम्हीच म्हणता ना? त्या सायकलवर बसून बघा. वाकल्यावर कंबर मागं उघडी पडते का? गुडघा वर आला की कापड ओढतं का? चड्डीच्या आत शिवलेली गादी जाड असली की बरी असं नाही, जागच्या जागी राहिली पाहिजे. आणि जिथं टेकतो, तिथं शिवण नाही."

मास्तरांनी सगळ्यात साधी, काळी चड्डी घेतली आणि घरी येऊन ब्लेडनं टराटरा उसवली. दोरा भिकार. खिसा नुसता चिकटवलेला. कमरेचं इलॅस्टिक सहा महिन्यांचं पाहुणं. मास्तरांना जरा बरं वाटलं. मग ते बैठकीपाशी आले. तिथं चार शिवणी मिळायला हव्या होत्या, त्या ठिकाणी एक पानाच्या आकाराचा सलग तुकडा होता. सगळ्या शिवणी त्याच्या कडेनं मांडीकडे निघून गेलेल्या.

मियानी. मास्तर हा शब्द स्वतःशीच मोठ्यानं बोलले. त्यांचे वडील जुन्या ढगळ पायजम्यांना जांघेत असाच तुकडा लावत, म्हणजे माणसाला मांडी घालून बसता यावं. मास्तर वीस वर्षांचे असताना त्यांनी वडिलांना सांगितलं होतं, की हे जुनाट आहे, कापड वाया जातं, सरळ शिवण जास्त टिकते. वडील काही बोलले नव्हते. वडीलही त्यांच्याशी फार बोलत नसत. त्याचं कारणही आपली जीभच असावी, असं आज पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

चाचणीला पंधरा दिवस होते. पहिली चड्डी त्यांनी शिवली, स्वतः घालून चढावर नेली आणि परत येऊन उसवली. दुसरीची मियानी पुढं आली. तिसरीची गादी सरकली. रोज सकाळी पायरी मास्तर पाय फाकवून उतरताना दिसत, आणि रोज कुणीतरी म्हणे, "काय मास्तर, दम फाटला का?" त्यांचंच वाक्य. मास्तरांना पहिल्यांदाच कळलं, की ते वाक्य ऐकायला किती वाईट आहे. चौथ्या चड्डीचं कापड मऊ आणि हलकं घ्यावं लागलं. ते पायरीवर टिकलं नसतं. मास्तरांनी ते पायरीवर नेलंच नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांनी ती लेकीच्या हातात दिली. लेकीनं चड्डीच्या बाहेरून काहीच पाहिलं नाही. तिनं सरळ आत हात घातला आणि बोटं बैठकीवरून फिरवली. बोटं थांबली. पुन्हा फिरवली.

"दोन वर्षं बोलली का नाहीस?" मास्तर म्हणाले. विचारायला उशीरच झाला होता, पण विचारलं.

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग कंबरेवर हात ठेवले, हनुवटी वर केली, आणि हुबेहूब त्यांच्या आवाजात म्हणाली, "आराम पाहिजे तर घरी गादीवर लोळा. डोंगरावर कशाला येता?"

दारात उभी असलेली बायको हसली नाही. "हेच म्हणाला असतात ना?" लेक आपल्या आवाजात म्हणाली. "रक्त परवडलं, बाबा. ते दुकानातल्या लोकांसमोर तरी येत नव्हतं."

मास्तर मान खाली घालून रिळं नीट लावत बसले. ती आधीच नीट लावलेली होती.

दुसऱ्या चाचणीला ते पुन्हा कुंपणाशी उभे राहिले. शेजारी डॉक्टर होते. पहिल्या दोन फेऱ्या लेक आठवी. तिसऱ्या फेरीत ती सहावी झाली, आणि सीटवर बसून होती. मास्तर तिचा चेहरा पाहत नव्हते, ती टेकते की उठते, एवढंच पाहत होते. चौथ्या फेरीत उतारावर ती घसरली, कुशीवर आपटली, उठली, पुन्हा बसली. तिच्या चड्डीला कुल्ल्याच्या बाजूनं वीतभर भोक पडलं होतं.

"मास्तर," डॉक्टर हळूच म्हणाले, आणि इतक्या वर्षांची संधी त्यांनी साधलीच, "तिनं जीव सोडलाय वाटतं?"

"सोडू दे," मास्तर म्हणाले. "चड्डीच आहे."

पाचव्या फेरीच्या शेवटच्या चढावर पाचव्या नंबरची मुलगी उतरून चालू लागली. चौथी दमली होती, पण बसून होती. लेक खाली मान घालून, सीटवर घट्ट बसून, बकरीसारखी दोघींच्याही पुढं निघून गेली. आता चौथी ती होती. पंचांनी संघासाठी तिचं नाव पुकारलं, डॉक्टरांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली, बायकोनं पदराचं टोक तोंडात धरलं.

लेक सायकल ढकलत कुंपणापाशी आली. कोपर सोललेलं, चड्डी फाटलेली, चेहरा धुळीनं माखलेला. आजूबाजूला दहा माणसं होती, त्यांतली बरीचशी मास्तरांची गिऱ्हाइकं. मास्तर काय शेरा मारतात, हे ऐकायला त्यांनी आधीच तोंडं हसरी केली होती.

"कुठं टोचतंय का?" मास्तरांनी विचारलं.

लेकीनं त्या माणसांकडे पाहिलं, मग आईकडे, मग बाबांच्या तोंडाकडे, थट्टा कुठून येतेय ते शोधत. ती आली नाही.

"डावीकडे," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मांडीची शिवण. अर्धं बोट मागं हवी होती. आणि कंबर वाकल्यावर खाली येते. आणि खरं सांगू का, बाबा, ही गादी पण जरा ओबडधोबडच आहे."

"आणखी?"

"आणखी आहे. थांबा, सांगते."

मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि खाली वाकले.